नाव घेताना

वाडीच्या ट्रान्सपोर्ट यार्डात, सिमेंटच्या गाड्यांमागे
दोन नावा ट्रेलरवर उभ्या होत्या.
मे महिना. पारा शेहेचाळीसवर.
समुद्र, कुठल्याही बाजूनं मोजा,
एका रात्रीच्या गाडीनं न संपणारा.

लाल नाव पाहून भाच्यानं शिट्टीच मारली.
चोवीस फूट, पाठीला तीनतीनशेची दोन इंजिनं,
अंगावर ज्वाळा रंगवलेल्या, ऑटोवाले रंगवतात तशा.
विकणारे छाजेड म्हणाले,
"मॅडम, ही पाण्यातून नाही, पाण्याच्या वरून जाते."
मी गांधीबागेत चोवीस वर्षं मोटारी वाइंड करते.
वरून जाणाऱ्या सगळ्यांच्या जळक्या कॉइल
शेवटी माझ्याच टेबलावर येतात.

हबीबभाईंना सोबत नेलं होतं.
बहारीनला अकरा वर्षं बोटींची इंजिनं उघडली त्यांनी,
आता मोमिनपुऱ्यात कूलरचे पंप बघतात.
खिशातून पाचाचं जुनं जाड नाणं काढलं
आणि लाल नावेच्या पोटाला ठोकत निघाले.
टक. टक. टक.
मागच्या फळीपाशी: थप.
मागे येऊन पुन्हा ठोकलं. थप.
"पाणी पिऊन बसली आहे आतून."
छाजेडांनी रुमाल काढून मान पुसली.
टरबूज घेताना मी कधी फसले नव्हते,
आणि इथे रंगाला भुलत होते.

करडी नाव एकवीस फुटी. दीडदीडशेची इंजिनं.
सीट फाटून शिवलेलं, दोरा निळा, कापड काळं.
तिच्यावर नाणं जिथे पडलं तिथे टक म्हणालं.
हबीबभाई उकिडवे बसले, धुळीत बोटानं दोन रेघा ओढल्या:
"हे दोन तळ. मधून हवा शिरते, तीच नावेला उचलते.
नाक जरा जास्त वर केलं
तर तीच हवा पतंगासारखी उलथवते.
पहिलीच आहे ना तुमची?
मग माफ करणारी घ्या."

बेसाचा प्लॉट विकला तेव्हापासून
लोक नावं ठेवताहेतच.
बाईमाणसाला काहून पाहिजे नाव?
वरचा मजला बांधला असता, भाडं आलं असतं.
प्रफुल्लना जाऊन नऊ वर्षं झाली.
लग्नात त्यांचं नाव घेतलं होतं उंबऱ्यावर अडवून धरल्यावर,
यमक चुकलं, सगळ्या हसल्या.
आता परत नाव घेते आहे,
यमकाबिमकाचं काही नाही, फक्त भाव पाडायचा आहे.

कुठे चालवणार, छाजेडांनी विचारलं.
खिंडसीला, म्हटलं. पाणी चढलं की.
"तिथे? चार मिनिटांत काठ लागेल हो!"
लागू दे. त्या चार मिनिटांसाठीच तर घेते आहे.

हिशेब करायला ते टपरीकडे गेले,
भाचा मोबाइलवर लाल नावेचे फोटो पाठवत बसला.
उन्हानं माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.
अख्ख्या यार्डात सावली एकच, करड्या नावेखालची.
वाकले, मग सरळ आत शिरले,
दोन तळांच्या मध्ये, पाठ मातीला टेकून.
एक पिवळं कुत्रं आधीच तिथे झोपलं होतं.
त्यानं एक डोळा उघडला, मला जागा दिली असं समजले.

बाहेर लू पत्रे वाजवत होती.
आत तीच लू निमुळती होऊन येत होती,
घामावरून फिरली की गार.
दोन्हीकडे हात लांब केले.
डावा तळ पोचला, उजवा पोचला,
मध्ये मी, आणि काहीच नाही.
बरं वाटलं. इतकंच सांगता येईल.

छाजेड बाहेरून हाका मारत होते,
पंधरा हजार कमी, ट्रेलरचं टायर तुमचं.
दहा मिनिटं थांबा, म्हटलं आतून.
कुत्रं उठलं की बोलू.